मीटरला दिसतो तो लॉस, दिसत नाही ते डिस्पर्शन

शाळेच्या विज्ञानात दोन शब्द परीक्षेत हमखास उलटसुलट व्हायचे: विकिरण आणि अपस्करण. आकाश निळं दिसतं ते विकिरणामुळे, लोलकातून सात रंग सुटे होतात ते अपस्करणामुळे. ऑप्टिकल फायबरच्या लांब पल्ल्याच्या लाइनवर हीच जोडी पुन्हा भेटते. चांगल्या फायबरमध्ये जो प्रकाश वाटेत हरवतो, तो मुख्यतः काचेतल्या विकिरणाने. तो झाला लॉस. आणि अपस्करण म्हणजे डिस्पर्शन. फील्डवर मराठी शब्द कोणी वापरत नाही, गल्लत मात्र शाळेतल्यासारखीच करतात.

आमच्या हातून झालेली सांगतो. १३० किलोमीटरची लाइन, मध्ये प्रकाश वाढवणारा एक ॲम्प्लिफायर. अडीच गिगाबिटवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली. १० गिगाबिटचं कार्ड टाकलं आणि एररचा पाऊस सुरू झाला. पॉवर मीटर लावला तर उणे १२ डीबीएम (डीबीएम म्हणजे पॉवरचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). रिसीव्हरला उणे २४ पर्यंत ऐकू येतं, म्हणजे प्रकाश मुबलक. कनेक्टर पुसले, पॅचकॉर्ड बदलली, ओटीडीआर (प्रकाश वाटेत कुठे हरवतो ते दाखवणारं यंत्र) मारला. स्प्लाइस, म्हणजे फायबरचे जोड, सगळे ठीक. मग आम्ही तेच केलं जे अशा वेळी सगळे करतात: ॲम्प्लिफायरचा गेन वाढवला. एरर जिथल्या तिथे. शेवटी गेन पूर्ववत केला आणि कुठूनतरी मिळवलेला एक डीसीएम (डिस्पर्शनची भरपाई करणारं मॉड्यूल) रिसीव्हरच्या आधी जोडला. मीटर घसरून उणे २१ वर आला आणि एरर थांबल्या. प्रकाश आठव्या हिश्शावर आला आणि लिंक साफ झाली!

लॉसचा हिशोब सोपा. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला साध्या फायबरमध्ये किलोमीटरमागे सुमारे ०.२ डीबी जातात. ८० किलोमीटरला १६ डीबी, म्हणजे चाळिसावा भाग उरतो. पण त्या उरलेल्या प्रकाशात प्रत्येक पल्सचा, म्हणजे बिट वाहून नेणाऱ्या प्रकाशाच्या ठोक्याचा, आकार जसाच्या तसा असतो.

डिस्पर्शनमध्ये उलटं. प्रकाश सगळाच पोचतो, पण एका वेळी पोचत नाही. लेसर एकरंगी म्हणतात ते तो शांत जळत असेपर्यंत. त्याची झपाझप उघडझाप करायला लागलं की रंगाचा पट्टा रुंदावतो, आणि जितकी उघडझाप जलद तितका पट्टा रुंद. जी.६५२ या नेहमीच्या फायबरमध्ये १५५० च्या आसपास आखूड तरंगलांबीचा भाग पुढे पळतो आणि लांब तरंगलांबीचा मागे रेंगाळतो. फरक दर नॅनोमीटरला, दर किलोमीटरला साधारण १७ पिकोसेकंद. आमच्या १३० किलोमीटरला तो झाला दर नॅनोमीटरला २२१०. दहा गिगाबिटच्या सिग्नलचा पट्टा ढोबळमानाने ०.१ नॅनोमीटर, म्हणजे पल्स सुमारे २२० पिकोसेकंद पसरणार. आणि एका बिटच्या वाट्याला जागा फक्त १००. पहिली पंगत उठायच्या आत दुसरी आणि तिसरी येऊन बसलेली. अडीच गिगाबिटला पट्टा पावपट, जागा चौपट: ४०० मध्ये ५५ चा पसारा, कुणाला पत्ताही लागत नाही. वेग चौपट केला की डिस्पर्शन सोसायची ताकद सोळापटीने घटते, ती अशी. इथे गेन वाढवणं म्हणजे एकमेकांत मिसळलेली अक्षरं मोठ्या टायपात छापणं.

हे दोन आजार वेगळे आहेत हे पूर्वी फारसं जाणवायचंही नाही. १९८८ मधल्या टॅट-८ या अटलांटिकखालच्या केबलमध्ये रिपीटर प्रकाशाची वीज करायचे, बिट वाचायचे आणि नवा कोरा पल्स पुढे सोडायचे. लॉस आणि डिस्पर्शन दोन्हींचा हिशोब तिथेच मिटायचा. १९८७ मध्ये साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल लॅब्समध्ये एमान्युएल देसुर्व्हीर यांनी अर्बियम घातलेल्या फायबरचा ॲम्प्लिफायर दाखवला. प्रकाशाला प्रकाशातच बळ मिळू लागलं आणि रिपीटर मागे पडले. पण ॲम्प्लिफायर वाचत काही नाही, नुसता मोठा करतो. पसरलेला पल्सही तो इमानेइतबारे पसरलेलाच मोठा करतो. लॉस दर टप्प्याला भरून निघायला लागला, डिस्पर्शन मात्र टप्प्यागणिक साचत गेलं.

त्यावरचा जुना उतारा म्हणजे आमचा तो डीसीएम. उघडून पाहिला तर निराशा होईल, आत फायबरचं एक भेंडोळं असतं. पण हे फायबर उलट्या स्वभावाचं: यात लांब तरंगलांबी पुढे पळते. दर नॅनोमीटरला, दर किलोमीटरला उणे १०० पिकोसेकंद धरले तर १२० किलोमीटरची भरपाई २० किलोमीटरच्या भेंडोळ्यात होते. किंमत मोजावी लागते लॉसमध्ये. या फायबरचा गाभा बारीक, लॉस किलोमीटरला अर्ध्या डीबीच्या घरात. आमचा मीटर ९ डीबीने का पडला ते यावरून कळेल. तो पडलेला पाहून डीसीएम खराब आहे म्हणणारे भेटले आहेत.

मग डिस्पर्शन मुळातच शून्य का करू नये? तेही करून झालं. साध्या फायबरमध्ये ते १३१० च्या आसपास शून्य असतं, पण लॉस सर्वांत कमी १५५० ला. जी.६५३ फायबरमध्ये काचेची रचना बदलून शून्य बिंदूच १५५० ला आणला. जपानने ते भरपूर टाकलं. पुढे एकाच फायबरमध्ये अनेक तरंगलांब्या सोडायची पद्धत आली आणि सगळं फिसकटलं. डिस्पर्शन नसल्यामुळे त्या लहरी पावलाला पाऊल मिळवून चालल्या, एकमेकींत मिसळल्या आणि नको त्या नव्या तरंगलांब्या तयार करू लागल्या. म्हणून जी.६५५ मध्ये थोडं डिस्पर्शन मुद्दाम ठेवलं. लॉसच्या बाबतीत असं कोणी करणार नाही. तो जितका कमी तितका बरा.

माझ्या मते खरा फरक इथून पुढे दिसतो. डिस्पर्शनने माहिती हरवत नाही, विस्कटते. आणि ती ठरावीक नियमाने विस्कटते. २०१० च्या सुमारास आलेल्या १०० गिगाबिटच्या कोहेरंट रिसीव्हरने प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर त्याची कलाही (फेज) मोजायला सुरुवात केली. मग चिपमध्ये उलटं गणित करून पल्स पुन्हा गोळा करता येतो. ५००० किलोमीटरचे ८५,००० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटरसुद्धा असे सरळ होतात. लॉसला असं गणित नाही. गेलेला प्रकाश गेला; ॲम्प्लिफायर जो भरतो त्यात स्वतःचा नॉइज मिसळतो, आणि तो नॉइज कुठलीही चिप वेगळा काढून देत नाही. म्हणून समुद्राखालच्या नव्या केबलमध्येही डीसीएम नसतो, पण ठराविक अंतरावर ॲम्प्लिफायर असतोच.

आमच्या त्या लाइनवरही पुढे कोहेरंट कार्डं आली आणि डीसीएम निघाला. मीटर ९ डीबीने वर गेला. शिवाय २० किलोमीटरचं भेंडोळं वाटेतून गेल्यामुळे प्रत्येक बिट १०० मायक्रोसेकंद आधी पोचायला लागला.