संपीडन गुणोत्तर घटवणे (टर्बो एंजिनातील)

टर्बोचार्जर (निष्कासित वायूंच्या जोरावर एंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) बसवलेल्या पेट्रोल एंजिनाचे संपीडन गुणोत्तर (दट्ट्या म्हणजे पिस्टन खालच्या व वरच्या टोकाला असताना सिलिंडरात असणाऱ्या जागांचे प्रमाण) मुद्दाम कमी ठेवण्याची पद्धत. पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलवर एंजिन ठोके न देता (नॉकिंगविना) चालावे, हा तिचा हेतू. टर्बोचार्जरमध्ये दाबली गेलेली हवा तापते आणि सिलिंडरात पुन्हा दाबली जाते. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच कडेचे मिश्रण पेटले, तर दाबलहरी उठून दट्ट्याचा माथा, रिंगांमधला पट्टा व हेड गॅस्केट (सिलिंडर व त्यावरील हेड म्हणजे झाकण यांमधली चकती) यांना इजा होते. ठोक्यांचे मूळ स्फोटतरंगात (ध्वनीहून वेगाने पसरणाऱ्या ज्वलनलहरीत) शोधणारे एक मत होते; ब्रिटिश एंजिनतज्ज्ञ हॅरी रिकार्डो यांनी मांडलेले स्वयंप्रज्वलनाचे (मिश्रण आपोआप पेटण्याचे) स्पष्टीकरण आता अधिक ग्राह्य मानले जाते.

या पद्धतीचा उगम एखाद्या मोटारीशी जोडणे अवघड आहे. अतिभरण केलेल्या (जादा हवा दाबून भरलेल्या) विमान एंजिनांत ती आधीच रूढ होती. रोल्स-रॉइस मर्लिनचे गुणोत्तर ६ : १ होते. टर्बोची पहिली उत्पादित मोटार शेव्हरोले कॉर्व्हेअर की ओल्डस्मोबिल जेटफायर, हा वाद जुना आहे. दोन्ही १९६२ च्या. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र कॉर्व्हेअर महत्त्वाची, कारण तिचे गुणोत्तर ८ : १ होते. जेटफायरने १०.२५ : १ कायम ठेवून पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण फवारण्याची वाट धरली. सत्तरच्या दशकात बीएमडब्ल्यू २००२ टर्बोने ६.९ : १, तर पोर्श ९११ टर्बोने ६.५ : १ एवढी खालची पातळी गाठली.

गुणोत्तर घटवायचे म्हणजे दट्ट्या वरच्या टोकाला असताना उरणारी पोकळी वाढवायची. ५०० घ. सेंमी.च्या सिलिंडरात १० : १ साठी ही पोकळी सुमारे ५५.६ घ. सेंमी., ८.५ : १ साठी ६६.७ घ. सेंमी. लागते. सिलिंडरचा व्यास ८६ मिमी. असेल, तर ११ घ. सेंमी.चा हा फरक जाड गॅस्केटने भरण्यासाठी तिची जाडी जवळजवळ १.९ मिमी.ने वाढवावी लागेल. स्वस्त असला तरी हा उपाय सदोष आहे : दट्ट्याची कड व हेड यांमधील फट नेहमी साधारण १ मिमी.च्या आसपास असते. ती रुंदावली की मिश्रण घुसळले जात नाही आणि ठोक्यांची प्रवृत्ती उलट वाढू शकते. म्हणून माथ्यावर खोलगट बशी असलेले दट्टे बसवणे श्रेयस्कर. त्यांनी फट तशीच राहते.

बूस्टचा (टर्बोने वाढवलेल्या हवेचा) दाब गुणोत्तरात गुणून ‘परिणामी गुणोत्तर’ काढण्याची रीत वर्कशॉपांत प्रचलित आहे. तीत इंटरकूलरचा (दाबलेली हवा थंड करणाऱ्या साधनाचा) व ठिणगीच्या वेळेचा हिशोब येत नसल्याने तिला स्थूल अंदाजापलीकडे महत्त्व देऊ नये.

आदर्श ऑटो चक्रात (पेट्रोल एंजिनाच्या सैद्धांतिक प्रतिमानात) १० : १ वरून ८ : १ वर आल्यास कार्यक्षमता सुमारे ६० टक्क्यांवरून ५६.५ टक्क्यांवर उतरते. बूस्ट चढण्यापूर्वीचा मंद प्रतिसाद हा त्याचाच परिणाम. थेट अंतःक्षेपण (पेट्रोल सरळ सिलिंडरात फवारणे) व नॉक संवेदक (ठोके ओळखणारे साधन) आल्यापासून १० : १ च्या आसपासची टर्बो एंजिने सर्रास दिसतात.