पांढरी पाचच्या जरा वर: डबस्टेपचा बेस कसा घडतो

लहानपणी सायकलच्या मागच्या चाकात पुठ्ठ्याचा तुकडा खोचून गावभर भर्रर्र करत ज्यानं फेऱ्या मारल्या, त्याला डबस्टेप हे खर्जावर उभं असलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत अर्धं आधीच येतं. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० तारा असत. सायकल हातात धरून रमतगमत निघालं की पुठ्ठा टक-टक-टक वाजायचा, ठोके सुटे सुटे ऐकू यायचे. पावलं उचलली, ताशी ४ किलोमीटरची चाल धरली, की सेकंदाला साधारण २० ठोके पडतात आणि ते एकमेकांना चिकटायला लागतात. सीटवर बसून ८ किलोमीटरचा वेग गाठला की सेकंदाला ४० ठोके. आता मोजायला काही उरत नाही. एक जाडजूड, खरखरीत सूर तेवढा ऐकू येतो.

चाक तेच, पुठ्ठा तोच. सेकंदाला विसाच्या आसपास कानाची एक वेस आहे. वेशीच्या अलीकडे ताल, पलीकडे सूर. डबस्टेपचा बेस, म्हणजे त्यातला खर्जाचा आवाज, घडवणारा माणूस दिवसभर या वेशीवरून ये-जा करत असतो.

माझा भाचा दिवाळीपासून आमच्याकडे, आर्वी तालुक्यातल्या गावी मुक्कामाला आहे. जुना लॅपटॉप, कानाला हेडफोन, आणि व्हायटल नावाचा फुकट मिळणारा सिंथ, म्हणजे आवाज घडवायचं सॉफ्टवेअर. पहिल्यांदा त्यानं मला फोनवर काहीतरी ऐकवलं तेव्हा मला पिठाच्या चक्कीत खडा गेल्यासारखं वाटलं.

"यात बेस कुठाय बे?"

"फोनमंधी नाही येत न मामा तो. हेडफोन लावून आयका."

हेडफोन लावले आणि गालफडं थरथरली. हे संगीत लंडनच्या दक्षिण भागातलं, क्रॉयडनच्या बाजूचं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथल्या पोरांनी घडवलेलं. मिनिटाला सुमारे १४० ठोके, पण टाळीसारखा जोरकस ठोका चारातल्या तिसऱ्यावरच पडतो. त्यामुळे लय धावते आणि अंग मात्र निम्म्या वेगानं डोलतं. मधल्या मोकळ्या जागेत बेस खेळतो. त्याचा सगळ्यात ओळखीचा खेळ म्हणजे 'वॉबल', ती वॉव-वॉव-वॉव.

वॉबल समजायला लॅपटॉप लागत नाही. एकच खर्जाचा सूर धरा आणि तो न हलवता तोंडानं ऊ-आ-ऊ-आ करा. (घरात कोणी नसताना करा.) स्वरयंत्र तेच सांगतंय, बदलतोय तो फक्त तोंडाचा आकार. 'ऊ' म्हणताना गळ्यातून आलेल्या आवाजातला वरचा भाग बराचसा अडतो. 'आ' म्हणताना ७०० आणि १२०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) जवळपासचा भाग मोकळा होऊन आवाज उजळतो. सिंथमध्ये गळ्याच्या जागी कच्चा सूर काढणारा ऑसिलेटर आणि तोंडाच्या जागी त्यातला काही भाग अडवणारा फिल्टर. त्या फिल्टरची उघडझाप करणारा जो अदृश्य हात, त्याला एलएफओ म्हणतात: इतक्या मंद गतीनं हलणारी लाट की ती स्वतः ऐकू येत नाही, दुसऱ्याला हलवते.

या हाताचा वेग गाण्याच्या लयीला बांधलेला असतो. १४० च्या लयीत एक मात्रा ०.४३ सेकंदाची. मात्रेला दोन उघडझापी केल्या तर सेकंदाला ४.६७, तीन केल्या तर ७, चार केल्या तर ९.३३. भाचा हे मोठ्या कौतुकानं समजावत होता, आणि बाजूला बसलेले आमच्या भजनी मंडळाचे तबलेवाले काका म्हणाले, "म्हंजे दुगुण, तिगुण, चौगुण." त्याच्या चेहऱ्यावरचा उत्साह जरा उतरला. मिनिटाला ६५० फेरे घेणारं जुनं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा धडका देतं, म्हणजे सेकंदाला ५.४ वेळा. ज्या गावानं वर्षानुवर्षं या टुक-टुकवर दळण दळलं, त्याला वॉबलचा वेग परका नाही.

आता एलएफओचा वेग वाढवत न्या. सेकंदाला १०, १५, २०... पुठ्ठ्याचं झालं तेच होतं. उघडझाप ऐकू येईनाशी होते आणि आवाजाचा पोतच पालटतो. वॉव-वॉवचा घुरघुराट होतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग १९६७ मध्ये सुराच्या कंपनाशी खेळत होते. गायक सूर हलवतो तसा सूर हलवायचा, पण माणसाच्या गळ्याला जमणार नाही इतक्या वेगानं आणि खोलवर. एका टप्प्यानंतर हलणं ऐकू येईना, वेगळ्याच वाद्याचा आवाज यायला लागला. यातून एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन) पद्धत निघाली. त्यावरचा त्यांचा लेख १९७३ मध्ये आला, हक्क यामाहानं घेतले आणि १९८३ चा डीएक्स-७ हा कीबोर्ड जगभर गेला. आज डबस्टेपमधले राक्षसासारखे डरकाळणारे बेस बरेचदा याच पद्धतीवर उभे असतात: एक लाट दुसरीला वेगानं हलवते, आणि किती हलवायचं हे तिसरी मंद लाट ठरवते. वेशीच्या पलीकडचा एक नोकर, अलीकडचा एक.

फिल्टरला कापायला काहीतरी हवं, म्हणून कच्चा मालही भरघोस लागतो. शुद्ध साइन लाट ५० हर्ट्झची असेल तर तिच्यात ५० च असतात, कापणार काय? करवतीच्या दात्यांसारख्या लाटेत ५० बरोबर १००, १५०, २०० असे सगळे पट असतात. दुसरा निम्म्या जोराचा, तिसरा एक तृतीयांश, असे उतरत जाणारे. अशा दोन लाटा किंचित वेगळ्या सुरात लावल्या की आवाज जिवंत होतो. हे आम्ही दर हिवाळ्यात ऐकतो. हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री लाईन येते, शेजारशेजारच्या दोन विहिरींवरच्या मोटारी एकदमच चालू होतात. एक मिनिटाला २८८० फेरे घेते, दुसरीवर जरा जास्त भार असेल तर ती २८५०. सेकंदाला ४८ आणि ४७.५. दोन्ही आवाज कधी एकमेकांवर स्वार होतात, कधी एकमेकांना खातात, आणि धुऱ्यावर उभ्या माणसाला दर दोन सेकंदांनी घूंऽऽ... घूंऽऽ ऐकू येतं. डेट्रॉईटच्या केविन सॉन्डरसन यांनी १९८८ मध्ये 'रीस' या नावानं काढलेल्या एका रेकॉर्डमध्ये असाच घुमणारा बेस होता. तेव्हापासून या आवाजाला 'रीस बेस'च म्हणतात.

मात्र ही घूंऽऽ तळाला घातक. दोन लाटा एकमेकींना खातात त्या क्षणी छातीतला धक्काच गायब होतो. म्हणून १०० हर्ट्झच्या खालचं राज्य एकट्या साध्या साइनकडे द्यायचं, त्याला 'सब' म्हणतात, आणि घुरघुराटाचा तेवढा भाग खालून कापून टाकायचा. सब मधोमधच ठेवतात. ५० हर्ट्झची एक लाट हवेत सुमारे ७ मीटर लांब असते, बैलगाडी आणि बैलजोडी एवढी. ती डावीकडून आली की उजवीकडून, हे एका वितीच्या डोक्याला कळत नाही.

पण मग फोनचं काय? त्याच्या चिमुकल्या स्पीकरला ५० हर्ट्झ झेपतच नाहीत. इथे मेंदू मदतीला येतो. ३००, ३५०, ४०० असे ५० च्या अंतरावरचे सूर कानी पडले की तो तळचा ५० स्वतःच भरून घेतो. जुने लँडलाईन फोन ३०० हर्ट्झच्या खालचं काही पाठवत नसत, तरी पलीकडचे काका भारदस्त आवाजातच बोलत. म्हणून बेस मुद्दाम खराब करतात: लाटेचा माथा छाटून सपाट केला की १५०, २५०, ३५० असे नवे पट उगवतात आणि फोनवरही खर्जाचा भास होतो. गावाबाहेरच्या डीपीचं, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं, गुणगुणणंही असंच. वीज ५० हर्ट्झची, पण आतला लोखंडी गाभा दर फेऱ्यात दोनदा ताणला जातो, त्यामुळे मूळ सूर १०० चा आणि वर त्याचे पट. म्हणून तर इतक्या लांबून ऐकू येतो.

भाच्याची खरी फजिती खोलीनं केली. आमची मागची टिनाची खोली १२ फुटांची. भिंत ते भिंत आवाजाची अर्धी लाट नेमकी मावली की तो सूर कोपऱ्यात फुगतो आणि मधोमध मरतो. जानेवारीच्या रात्री १२ अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३३८ मीटरच्या जरा वर. १२ फुटांत मावणारा सूर ४६.३ हर्ट्झ, पेटीवरची काळी तीन. मेमध्ये पारा ४५ वर गेला की वेग ३५७ च्या पुढे आणि खोलीचा सूर ४८.९, जवळजवळ पांढरी पाच. उन्हाळ्यात आमची खोली एक पट्टी चढते! पोरगा एक छोटा स्पीकर लावून बरोब्बर मध्ये खाट टाकून बसायचा. बेस ऐकू येत नाही म्हणून वाढवायचा, वाढवायचा, आणि चुलीपाशी फळीवरची भांडी खणखणायची. त्यात रात्री आवाज बारीक ठेवायचा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात कान खर्जाला बहिरा होतो. एका चुलत भावाच्या वरातीत त्यानं आपला तुकडा डीजेवर लावला तेव्हा नवरदेवाचा घोडा मागे सरकला. खाट कोपऱ्याकडे सरकवल्यावर निम्मा आजार गेला.

बेसला मींड हवी म्हणून त्यानं काकांचा डग्गा रेकॉर्ड केला. तळहाताचं मूळ दाबून 'घेंऽ' वर चढतो, ते त्याला सिंथमध्ये वळवायचं होतं. तबल्याच्या शाईचं गूढ सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं होतं: साध्या चामड्याचे वरचे सूर वेडेवाकडे पडतात, शाईचं वजन ते मूळ सुराच्या पटींत आणून बसवतं. करवती लाटेत आयते मिळतात तसे पट आपल्या कारागिरांनी शाई घोटून घोटून मिळवले.

रेकॉर्डिंग झालं, पण त्यात ५० ची भुणभुण शिरली. खोलीला अर्थिंग नाही आणि चार्जर लावलेला. डग्ग्याचा खर्जही तिथेच जवळपास, त्यामुळे भुणभुण कापली तर डग्गाही जायचा. सिंथमधली पांढरी पाच ४९ हर्ट्झची, भुणभुण ५० ची. दोघींची सेकंदाला एकदा घूंऽऽ व्हायला लागली. दोन रात्री झगडून त्यानं उलटं केलं. अख्खं गाणं अर्ध्या पट्टीहूनही कमी, इतकंच वर सरकवलं आणि विजेच्या सुरात लावलं. भुणभुण बेसमध्ये विरघळली.

परवा त्यानं ते काकांना ऐकवलं. काकांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढले, पेटी पुढे ओढून पांढरी पाच दाबली आणि मान हलवली.

"डग्गा माहाच हाय. पण पेटीत नाही बसत बाप्पा, जरासा चढा हाय."