घरगुती सोडा व पुनर्भरणाची टाकी

थंड पाण्यात दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळवून घरीच सोडा करण्याची एक पद्धत. तिच्यात वायू छोट्या तयार नळकांड्यांतून न घेता पुन्हा पुन्हा भरून आणता येणाऱ्या मोठ्या टाकीतून घेतात. सोडा रोज लागणाऱ्या घरांत आणि बिअर घरी बनवणाऱ्यांत ती विशेष रूढ आहे.

पाण्यात हा वायू मुद्दाम मिसळण्याचा प्रयोग इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे केला. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातील आंबणाऱ्या पिंपांवर साचणारा वायू त्यांना आयताच मिळाला होता. पुढे सोडा कारखान्यांत तयार होऊ लागला. घरगुती सोडायंत्राचा उगम १९०३ मध्ये ब्रिटनमधील गाय गिल्बी यांनी केलेल्या उपकरणात सापडतो. घरगुती सोडायंत्रांचे सोडास्ट्रीम हे व्यापारी नाव त्याच परंपरेतले.

या यंत्रांत खरी कमाई यंत्रावर नसून नळकांड्यावर असते. आतला वायू स्वस्त असतो; ग्राहक पैसे मोजतो ते भरणावळीचे, वाहतुकीचे आणि स्क्रूसारख्या विशिष्ट आट्यांच्या झडपेचे. नळकांडी फक्त भाड्याने दिल्याचे सांगून इतरांना ती भरू न देण्याची पद्धत जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने २००६ मध्ये बेकायदा ठरवली आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

हिशेब सोपा आहे. झणझणीत सोड्याला लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम वायू लागतो. यंत्राच्या नळकांड्यात साधारण ४०० ग्रॅम मावतो, म्हणजे कागदावर ५० लिटर. ९ किलोच्या टाकीत अशी बावीस नळकांडी बसतात. बाटलीतली हवा घालवताना आणि झाकण उघडताना काही वायू वाया जातो, तरीही फरक मोठाच राहतो. मात्र टाकी, रेग्युलेटर, नळी आणि बाटलीचे झडपेचे झाकण यांचा पहिला खर्च जड असतो. महिन्याकाठी दोन-चार बाटल्या पिणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

कृतीत सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पाण्याचे तापमान. वातावरणाच्या दाबाला ०° सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम वायू विरघळतो. २५° ला निम्म्याहूनही कमी. म्हणून पाणी फ्रीजमध्ये चांगले गार करतात. सोड्याच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत ते थोडी जागा ठेवून भरायचे, बाटली दाबून वरची हवा काढायची, झाकण घट्ट लावून २ ते ३ बारचा (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाब द्यायचा आणि बाटली खळखळून हलवायची. वायू आत शिरत असतानाचा सूं आवाज हळूहळू थांबतो; तो थांबला की काम झाले. काचेची साधी बाटली वापरू नये. सरबतात थेट वायू सोडला तर फेस उसळून नळीत शिरतो, म्हणून पाक नंतरच घालावा.

टाकीवरचा दाबमापक नवख्याला हमखास फसवतो. आत वायू द्रवरूपात असतो आणि २०° सेल्सियसला दाब सुमारे ५७ बार राहतो, टाकी भरलेली असो की अर्धी रिकामी. द्रव संपला की मगच काटा घसरू लागतो. किती शिल्लक आहे ते कळण्यासाठी टाकी वजनकाट्यावर ठेवून रिकाम्या टाकीचे कोरलेले वजन वजा करावे. टाकी वापरताना उभीच ठेवायची. आडवी पडली तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

मोठ्या टाकीतून यंत्राचे नळकांडे भरणे हा आणखी एक मार्ग. नळकांडे आधी फ्रीजरमध्ये थंड करतात, म्हणजे द्रव त्यात ओढला जातो. हे काम वजनकाट्याशिवाय करणे सरळ धोक्याचे. भरणाची मर्यादा नळकांड्यात मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असते. त्याहून जास्त भरले तर खोलीच्या उबेत द्रव फुगतो, रिकामी जागा उरत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. जादा दाबाला फुटून वायू बाहेर सोडणारी सुरक्षाचकती फुटली तर बरेच म्हणायचे. कोरड्या बर्फाचे, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे, तुकडे कोंबून नळकांडे भरण्याची युक्तीही याच कारणाने टाळावी.

गळतीकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने खाली साचतो. ९ किलो द्रवाचा सुमारे ५ घनमीटर वायू होतो. ३० घनमीटरच्या बंद खोलीत तो सगळा सुटला तर प्राणघातक ठरू शकतो, कारण हवेत ४ टक्के प्रमाणही तातडीच्या धोक्याचे मानतात. टाकी तळघरात किंवा कोंदट कपाटात ठेवू नये, आणि जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.

भरून घेताना वायू पेयांसाठीच्या शुद्धतेचा आहे ना, हे विचारावे. टाकीच्या दाबचाचणीची तारीख तिच्या खांद्यावर ठोकलेली असते. मुदत उलटली असेल तर चाचणी झाल्याशिवाय जबाबदार दुकानदार ती भरून देत नाही. काही ठिकाणी रिकामी टाकी घेऊन भरलेली दुसरी देतात. तिथे चाचणीची काळजी दुकानाकडे जाते, पण आपली नवी कोरी टाकी देऊन जुनी खरवडलेली घरी आणावी लागते.