कात्रीच्या आधीची कोरणी: माक्स अर्न्स्टच्या कोलाजांची पार्श्वभूमी

दिवाणखाना आहे. जाड पडदे, नक्षीदार खुर्ची, जमिनीवर कोसळलेली बाई. समोर सूटबूट घातलेला गृहस्थ उभा आहे, पण त्याच्या खांद्यांवर डोकं आहे ते पक्ष्याचं. माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकाराच्या १९३४ च्या चित्र-कादंबरीत जुनी छापील चित्रं कापून-चिकटवून केलेली, म्हणजे कोलाजची, अशी पानं एकामागून एक येत राहतात. पाहणारा पहिल्यांदा जोड शोधतो. माणसाची मान कुठे संपली आणि पिसं कुठे सुरू झाली? जोड सापडत नाही. कात्री अर्न्स्टची सफाईदार होतीच, पण निम्मं श्रेय त्याच्याआधी शतकभर लाकडावर वाकून बसलेल्या कारागिरांचं आहे.

सुरुवात पक्ष्यांपासूनच करावी लागते. उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा थॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) छापायची चित्रं लाकडावर फळीच्या अंगाने न कोरता खोडाच्या आडव्या कापावर कोरायचा. त्यासाठी तो बॉक्सवूड हे दाट, सावकाश वाढणारं लाकूड आणि धातूवर कोरायची बारीक पोलादी कोरणी वापरायचा. या कापावर रेघ कुठल्याही दिशेला वळवता येते, तिचा कपचा उडत नाही. ब्रिटिश पक्ष्यांवरच्या त्याच्या ग्रंथाचे दोन खंड १७९७ आणि १८०४ मध्ये निघाले. कामाच्या सुरुवातीला तो एका संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी पाहून चित्रं काढत होता, पण ते बेढब दिसतात हे लक्षात आल्यावर जिवंत किंवा नुकत्याच मारलेल्या पक्ष्यांची वाट पाहू लागला. त्याच्या चित्रांत छातीवरचं मऊ पीस आणि पंखातलं ताठ पीस नुसत्या रेघेच्या जाडीवरून वेगळं ओळखू येतं.

छापखान्यांना हे तंत्र आवडलं ते मात्र व्यवहारासाठी. तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र वेगळ्या दाबयंत्रावर छापावं लागे. लाकडी ठसा खिळ्यांच्याच (छपाईच्या सुट्या अक्षरांच्या) उंचीचा, म्हणून मजकुराशेजारी बसवून एकाच दाबात निघे. १८४२ मध्ये लंडनमध्ये आणि १८४३ मध्ये पॅरिसमध्ये सचित्र साप्ताहिकं सुरू झाली, आणि मग कादंबऱ्या, विज्ञान-मासिकं, मालाच्या यादी-पुस्तिका असं सगळंच कोरीव चित्रांनी भरून गेलं. बॉक्सवूडचं खोड बारीक असतं. त्यामुळे मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे बोल्टने जोडत, घाईचं काम असलं की ते सुटे करून वेगवेगळ्या कोरक्यांना वाटत आणि पुन्हा जोडत. जुन्या अंकात चित्राच्या आरपार जाणारी केसाएवढी पांढरी रेघ दिसते, ती या सांध्याची. म्हणजे अर्न्स्टने ज्यांना कात्री लावली ती चित्रं मुळातच तुकड्यांची होती!

एका चित्रावर अनेक हात लागायचे म्हणून सगळ्यांची रेघ एकसारखी असावी लागे. आभाळ, रेशीम, गाल, खडक, सगळं त्याच समांतर रेघांत. शतक संपता संपता फोटोवरून ठिपक्यांचे ब्लॉक (छपाईचे ठसे) होऊ लागले, कोरक्यांचा धंदा बसला आणि ते सगळे अंक रद्दीत गेले.

१९१९ मध्ये कोलोनला असलेल्या अर्न्स्टच्या हाती शालेय साहित्याची एक सचित्र यादी-पुस्तिका पडली. तिच्यात प्राणी, जीवाश्म, खनिजं, सूक्ष्मदर्शकाखालची दृश्यं, असं काय वाटेल ते एकाशेजारी एक होतं. आपल्याकडे शाळेजवळच्या दुकानात पक्ष्यांचे-फळांचे तक्ते मिळतात, साधारण त्याच जातीचा माल. अर्न्स्टने त्या पानांवर रंग फासून नको तो भाग झाकला आणि उरलेल्या वस्तूंची विचित्र सोबत जमवली. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९१२ मध्ये वर्तमानपत्रं आणि भिंतीचा कागद चिकटवला होता, पण त्यांना कापलेली कड दिसायला हवी होती. अर्न्स्टला ती लपवायची होती. फ्रेंचमधली त्याची कोटी प्रसिद्ध आहे: पिसांनी पिसारा होत असेल, डिंकाने (फ्रेंचमध्ये 'कोल') कोलाज होत नाही.

पक्ष्यांचं वेड घरातलं. १९०६ मध्ये त्याचा लाडका काकाकुवा मेला त्याच सुमारास बहीण जन्मली, आणि पक्षी व माणूस यांची सांगड तेव्हापासून मनात बसली असं तो सांगायचा. ही गोष्ट त्याने नंतर थोडी रंगवली असावी असं मला वाटतं, पण 'लोपलोप' नावाचा पक्षी त्याच्या कामात वर्षानुवर्षं येत राहिला हे खरं. निसर्गाकडे तो दुसऱ्या वाटेनेही गेला. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचा उद्योग आपण सगळ्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर केलेला असतो. १९२५ मध्ये अर्न्स्टने जमिनीच्या फळ्या आणि झाडांची पानं यांवर तेच केलं, आणि त्यातून जंगलं, मासे, पाखरं निघाली. पुढच्या वर्षी त्यांचा ३४ चित्रांचा संच आला.

शंभर डोक्यांच्या, किंवा फ्रेंच नाव नुसतं ऐकलं तर बिनडोक्याच्या, स्त्रीची त्याची पहिली कोलाज-कादंबरी १९२९ ची. न्यूयॉर्कचा कलाकार जोसेफ कॉर्नेल याने १९३१ मध्ये त्याची कोलाजं पाहिली आणि तोही जुनी कोरीव चित्रं कापू लागला. सुरुवातीला सांगितलेलं पुस्तक अर्न्स्टने १९३३ मध्ये इटलीतल्या विगोलेनोच्या गढीत तीन आठवड्यांत केलं. चित्रं १८२. आठवड्याच्या सात वारांच्या सात पुस्तिका ठरल्या होत्या, खप झाला नाही म्हणून शेवटचे तीन वार पाचव्या पुस्तिकेत कोंबले. पक्ष्यांची डोकी मुख्यतः बुधवारच्या वाट्याला आली आहेत.

पुस्तकात जोड न दिसण्याचं आणखी एक साधं कारण आहे. चिकटवलेल्या कागदाचा फोटो काढून ब्लॉक केला की कड उरत नाही, छापात फक्त रेघ उतरते. मूळ कोलाजं १९३६ मध्ये माद्रिदला मांडली गेली, त्यानंतर थेट २००८ मध्ये व्हिएन्नात. तिथे जवळ जाऊन पाहणाऱ्याला चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडा दिसत होत्या.