मोडेमचा वेग १,१५,२०० केला की इंटरनेट दुप्पट धावते का?

डायल-अप, म्हणजे टेलिफोन लाइनवरून इंटरनेटची जोडणी करताना मोडेमच्या (संगणक त्या लाइनला जोडणाऱ्या यंत्राच्या) सेटिंगमध्ये कमाल वेग सेकंदाला १,१५,२०० बिट निवडला की ५६ केचे, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटांचे, मोडेम दुप्पट वेगाने चालते, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तसे होत नाही.

तो आकडा संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या पोर्टचा, म्हणजे त्या दोघांना जोडणाऱ्या मार्गाचा आहे. टेलिफोन लाइनवरचा वेग दोन टोकांची मोडेम एकमेकांशी बोलून ठरवतात. माहिती उतरताना तो सेकंदाला जास्तीत जास्त ५६ हजार बिट, आणि लाइनमध्ये खरखर असेल तर त्याहून बराच कमी. गैरसमज व्हायला सबळ कारण आहे: काही मोडेम जोडणी झाल्यावर लाइनचा नव्हे, पोर्टचाच वेग कळवतात आणि पडद्यावर १,१५,२०० दिसते. डोळ्यांना दिसलेले कोण नाकारणार?

पडताळायचे तर एखादी झिप फाइल उतरवा. तिचे बाइट भागिले लागलेले सेकंद, गुणिले आठ. उत्तर ५६ हजारांच्या आतच येईल. झिपच का? ती आधीच दाबून लहान केलेली असते, आणखी दबत नाही. मोडेम साधा मजकूर मात्र स्वतःच दाबून पाठवते, त्यामुळे तो खरोखर जास्त वेगाने येतो. म्हणूनच पोर्टचा आकडा मोठा ठेवणे योग्य; लहान ठेवला तर दाबलेला मजकूर उलगडल्यावर पोर्टपाशी अडतो.