पिवळा दिवा धुकं कापत नाही

थंडी पडली की गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत हमखास ऐकू येतं, "पिवळे दिवे बसवा, धुकं कापतात." वर कारणही दिलं जातं: पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी निळ्यापेक्षा जास्त, म्हणून तो कमी विखुरतो. आकाश निळं का, याचं शाळेत शिकलेलं उत्तरही हेच असल्यामुळे ते पटतं.

पण हे धुक्याला लागू नाही. हवेतला रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा हजारपटीहून लहान. इतक्या लहान कणावरचं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणून ४५० नॅनोमीटरचा निळा रंग ६५०च्या लाल रंगाच्या चौपटीहून जास्त विखुरतो. हा रॅलेचा नियम. धुक्याचा थेंब साधारण १० ते २० मायक्रोमीटरचा, म्हणजे तरंगलांबीच्या वीस-तीस पट मोठा. तिथे गुस्ताव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाचं गणित चालतं आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं! दाट धुक्यात वर आलेला सूर्य बघा, पांढरी चकती असते.

फरक पडतो तो दिव्याच्या उंचीने. निफाडजवळ एका पहाटे मी अप्पर लावला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. डिपर केल्यावर डावीकडची पांढरी पट्टी पुन्हा दिसू लागली. अप्परचा झोत थेट नजरेच्या रेषेतलं धुकं उजळतो, त्यातला काही प्रकाश डोळ्यांत परत येतो. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली असतो, त्याचा झोत रुंद आणि वरून कापलेला असतो, म्हणून तो उपयोगी पडतो. रंग कोणताही असो.

वेगाचा हिशेबही करा. हवामान विभागाच्या व्याख्येत ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर ते अतिदाट धुकं. ताशी ६० किलोमीटर वेगात, ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच २५ मीटर जातात. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर. दवाने ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. ताशी ८०ला ५० मीटरांत गाडी थांबणारच नाही.

आणि कृपा करून चारही इंडिकेटर लावून चालवू नका. तुम्ही कुठे वळताय, ते मागच्याला कळत नाही. थांबायचंच झालं तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला, ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात थांबा.