आलेल्या हरकती आणि न आलेली माणसं

नव्या रस्त्याचा किंवा नियमाचा मसुदा जाहीर होतो, हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते आणि मग जनसुनावणी होते. तिथे पुढच्या रांगेत कोण बसतं? ज्यांचं थेट नुकसान आहे ते, ज्यांचा थेट फायदा आहे ते, आणि ज्यांना माइकची सवय आहे ते. त्या वेळी कामावर असलेली, घरी लहान मूल सांभाळणारी, मसुद्याची भाषाच न कळलेली माणसं तिथे नसतात. निर्णय मात्र त्यांनाही लागू होतो.

सगळ्यांचं मत कळावं म्हणून थोड्या माणसांचा नमुना घ्यायचा असतो, पण सुनावणीत तो आपण निवडत नाही, लोक आपले आपण त्यात येतात. संख्या वाढवून हा दोष जात नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं जाहीर झालं. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, आणि मंदीच्या त्या काळात या दोन्ही गोष्टी खात्यापित्या घरांतच असत. शिवाय उत्तर पाठवायची तसदी घेणारे आणि न घेणारे यांची मतंही सारखी नव्हती. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता.

आता तर प्रतिसादांचा ढीग यंत्रही रचू शकतं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे इंटरनेट-समानतेच्या, म्हणजे कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना सारखीच वागणूक देण्याच्या, नियमांवर सव्वादोन कोटींच्या आसपास प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत त्यांतल्या जवळपास १ कोटी ८० लाख बनावट निघाल्या. एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने एकट्याने सत्तर लाखांहून जास्त धाडल्या होत्या, खोट्या नावांनी.

म्हणून सुनावण्या बंद कराव्यात असं मी मुळीच म्हणणार नाही. पावसाळ्यात पाणी नेमकं कुठून वाहतं, हे नकाशात नसतं. तिथे राहणारा एखादाच माणूस ते सांगतो, आणि त्या एका वाक्याने आराखडा बदलायला हवा. हरकती वाचायच्या त्या अशा माहितीसाठी. किती बाजूने आणि किती विरोधात, हा हिशेब त्यांतून मांडणं चूक आहे.

सगळ्यांच्या वतीने कौल हवा असेल तर चिठ्ठी टाकावी. प्राचीन अथेन्समध्ये न्यायसभेवर माणसं नेमायला खाचांचा एक दगडी फळा असे. नागरिक आपल्या नावाची पट्टी खाचेत सरकवत, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे पडत, आणि गोळ्याच्या रंगावरून पट्ट्यांची अख्खी रांग आत जाई किंवा बाहेर. आज मतदारयादीतून किंवा घरांच्या यादीतून चिठ्ठीने निवडलेल्यांना पत्रं जातात. होकार देणाऱ्यांतून वय, लिंग, प्रदेश, शिक्षण यांचं प्रमाण लोकसंख्येशी जुळेल अशी पुन्हा निवड करता येते. होकार मुळात थोडेच देतात, त्यामुळे इथेही तो जुना दोष डोकावतोच. तो कमी करायला बैठकीचा भत्ता, प्रवासखर्च आणि मुलं सांभाळायची सोय लागते. या खर्चात काटकसर केली की पुन्हा सवड असलेलीच माणसं येतात.

आयर्लंडमध्ये २०१६ साली लोकसंख्येच्या प्रमाणात निवडलेल्या ९९ नागरिकांची सभा नेमली गेली. गर्भपाताच्या प्रश्नावर त्यांनी पाच शनिवार-रविवार डॉक्टर, वकील आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना ऐकलं, प्रश्न विचारले, मग गुप्त मतदान केलं. तिथली बंदी उठवावी, हा त्यांचा कल अनेकांना अनपेक्षित होता. २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी तोच कौल दिला. ऐकायला वेळ मिळाला की अनोळखी माणसं अवघड प्रश्नही पेलतात.

हजारो लोकांना एकदम विचारायचं असेल तर तैवानने २०१५ मध्ये ऊबरच्या प्रश्नावर वापरलेली ‘पोल-इस’ (Pol.is) ही संगणकप्रणाली पाहण्यासारखी आहे. तिथे कुणीही एक छोटं विधान लिहावं. इतरांनी त्यावर सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढंच म्हणावं. उत्तर द्यायची सोयच नाही, त्यामुळे भांडणाला जागा उरत नाही. प्रत्येकाच्या होकार-नकारांची एक ओळ बनते, सारख्या ओळींची माणसं नकाशावर जवळजवळ येतात, आणि गट आपोआप दिसू लागतात. मग शोधायची ती विरोधी गटांनाही पटलेली विधानं. प्रवाशांच्या विम्यासारखे मुद्दे तिथे असेच वर आले.

पद्धत कोणतीही असो, विचारायचं ते पर्याय उघडे असतानाच. निविदा निघाल्यावर नाही. आणि शेवटी एक साधा तक्ता लोकांपुढे यायला हवा: हरकत काय होती, मान्य झाली की नाही, आणि का. ज्याने पाण्याची वाट सांगितली, त्याला त्या तक्त्यात आपली ओळ सापडली पाहिजे.